पारसलवाल्या ताय

गेल्या वर्षीचा जुलै, बुधवार. बेलापूरहून गाडीत बसतानाच पाऊस होता आणि बामणडोंगरीला उतरेपर्यंत तो असा आडवा लागला की छत्री उघडून काही उपयोगच नव्हता, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, पिशवीतले ऑफिसचे कागद पोटाशी धरलेले. घरी भात लावायचा उत्साह नव्हता म्हणून नेहमीच्या खानावळीत शिरले आणि नेहमीसारखीच काउंटरपाशी उभी राहिले. तिथला पोरगा, असेल सतरा-अठराचा, मला बघून आत तोंड करून ओरडला, "आये, पारसलवाल्या ताय आल्यात." आतून काकींचा आवाज आला, "दोन बोईट, चार भाकऱ्या ना? भरते." पाच मिनिटांत गरम पिशवी हातात आली, पैसे दिले, घरी आले, जेवलो. झालं. पण रात्री भांडी घासताना ते दोन शब्द परत कानात आले, झोपतानाही आले, आणि दुसऱ्या दिवशी गाडीतही. पोराने काही वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं, त्याच्यासाठी ती माझी ओळख होती. दोन-अडीच वर्षं, आठवड्यातून एकदा तरी, मी तिथून जेवण नेत होते आणि एकदाही तिथे टेकले नव्हते.

जून २०२२ मध्ये आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातून नवी मुंबईत उलव्यात आलो. नवऱ्याचं काम न्हावा शेवाला, तेही शिफ्टमध्ये, आणि नौपाड्यातली आमची भाड्याची जागा रिडेव्हलपमेंटला गेली. त्या भागात परत घर घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. इथे दोन बेडरूम, मोठी गॅलरी, रात्री खाडीपलीकडे सीवूडचे दिवे दिसतात, सगळं बरं होतं, सगळे म्हणाले किती छान मोकळं आहे. मोकळं होतं खरंच. इतकं मोकळं की पहिल्या पावसात संध्याकाळी सातला खाली उतरले तर रुंद सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूला अर्धवट टॉवर, आणि त्या रस्त्यावर एक मी आणि चार कुत्री. वास मात्र लगेच लक्षात राहिला. ओहोटीच्या वेळी खाडीकडून चिखलाचा येतो तो, खारट, थोडा कुजका, पहिल्या आठवड्यात मी खिडक्या लावून घ्यायचे.

नौपाड्यात खाणं हे शोधावं लागायचं नाही. ते पायाखालीच असायचं. बाबा महिन्यातल्या एका रविवारी आम्हा दोघा भावंडांना घेऊन मामलेदार कचेरीपाशी मिसळ खायला न्यायचे, जागा मिळेपर्यंत खाणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं, आणि मग अनोळखी माणसांच्या कोपराला कोपर लावून बसायचं. मी बारा वर्षांची असताना पहिल्यांदा 'तिखट' मागितली. दुसऱ्या घासालाच डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि समोर बसलेल्या एका आजोबांनी काही न बोलता त्यांच्या बशीतला पाव उचलून माझ्या बशीत ठेवला. ते आजोबा कोण, कुठले, काही माहीत नाही, परत कधी दिसलेही नाहीत. पण तो पाव मला आजही आठवतो. बाबा तिथून घरी कधी काही बांधून आणायचे नाहीत, आई म्हणायची आणा की डब्यातून, तर म्हणायचे, "तर्री निवली की तिच्यात काही राहत नाही, तूच चल तिथे." आई गेली नाही शेवटपर्यंत, त्या गर्दीत बायकांनी बसायचं तिला अवघड वाटायचं. हे आत्ता लिहिताना वाईट वाटतंय, तेव्हा कधी वाटलं नव्हतं.

तर पहिलं वर्षभर मी काय केलं, दर शनिवारी ठाण्याला गेले. नेरूळला गाडी बदलायची, घरापासून घरापर्यंत दीड-पावणेदोन तास, आणि येताना दोन पिशव्या. गोखले रोडवरून खाकरे, आळूवड्या, ओळखीच्या बाईंकडून थालीपिठाची भाजणी, स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव, जो घरी येईपर्यंत थंड आणि ओला झालेला असायचा तरी आम्ही तो तव्यावर गरम करून खायचो. फ्रीज उघडला की आत नौपाडा. मुलगी एकदा म्हणाली, आई आपण राहतो इथे आणि जेवतो तिथलं. ती सहज म्हणाली, मी तेव्हा तिला गप्प केलं.

उलव्यात खायला शिकवलं ते खरं तर रेल्वेने. तेव्हा ही लाइन खारकोपरपर्यंतच होती, उरणपर्यंत गेली ती जानेवारी २०२४ मध्ये, आणि गाड्या इतक्या कमी की एक चुकली की पुढच्या गाडीपर्यंत पुस्तकाचे दोन धडे वाचून व्हायचे. सकाळी घरून काही न खाता धावत सुटायचं, गाडी डोळ्यासमोर जायची, आणि मग पोटात खड्डा. स्टेशनबाहेर एक जण लिट्टी-चोखा घेऊन बसायचा, पत्र्याच्या डब्यात गोवऱ्या पेटवलेल्या, त्यावर लिट्ट्या फिरवत. गिऱ्हाईक सगळं बांधकामावरचं, डोक्यावर हेल्मेट, बुटांना सुकलेलं सिमेंट. मी दोनदा जवळून गेले, तिसऱ्यांदा थांबले. लिट्टी फोडली की आतून सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, ओवा, कच्च्या लसणाचा झणका, आणि सोबत भाजलेल्या वांग्याचं ते मोहरीच्या तेलातलं भरीत. आपल्या भरतापेक्षा ते तेल नाकात जास्त चढतं, पहिल्या दिवशी आवडलं की नाही ठरवता आलं नाही, तिसऱ्या दिवसापासून सवय लागली. त्याने एकदा विचारलं, "आप यहीं की हैं?" मी पटकन म्हटलं, नहीं, ठाणे की. तो हसला आणि म्हणाला, मैं सिवान का. आम्ही दोघंही तिथे उभे राहून दुसऱ्याच गावाचं नाव सांगत होतो, आणि ज्या जागेवर उभे होतो तिचं नाव कोणीच घेत नव्हतं. नवी मुंबई विमानतळाचं बरंचसं काम संपलं तसा तो दिसेनासा झाला. दुसऱ्या साइटवर गेला असेल.

तिथून मग एकेक होत गेलं. सेक्टरच्या कोपऱ्यावरचा अंडाभुर्जीवाला, जो पाव बटरमध्ये भाजत नाही तर भुर्जीच्या मसाल्यातच पुसून घेतो. एक उडपी, ठीकठाक, पण सकाळी साडेसहाला उघडं असतं हे फार मोठं. लाल पाट्यांचे चायनीजवाले, ते सगळीकडे सारखेच. आणि एका बिल्डिंगच्या तळाच्या गाळ्यात ही आगरी खानावळ, सहा टेबलं, बोर्डावर मालकाचं नाव नाही, फक्त 'घरगुती'. सोमवार आणि गुरुवार मासळी बंद.

पहिल्यांदा मी तिथून बोईट नेलं ते नाव आवडलं म्हणून. खाडीचा मासा, आम्ही ठाण्याला पापलेट, सुरमई, बोंबील यांच्या पलीकडे फारसे गेलो नव्हतो. घरी येऊन पिशवी उघडली आणि कालवणाचा रंग बघून मुलगी म्हणाली हे खूप तिखट असणार. होतंच. पण मालवणीसारखा खोबऱ्याचा जाडसरपणा त्यात नव्हता, पातळ, लालभडक, ठेचलेली लसूण, चिंच, वर्षभराचा कुटलेला मसाला, आणि खाली माशाला त्या खाडीचीच चव, थोडी मातीची. तोच वास ज्याच्यासाठी मी खिडक्या लावत होते, तो ताटात आला तर मी बोटं चाटत होते. हे लक्षात यायला मला बरेच महिने लागले. मग निवट्या खाल्ल्या, चिखलात उड्या मारतात ते मासे, दिसायला अगदी नको वाटतात, कुरकुरीत तळल्या की काट्यासकट जातात. चिंबोरी खाल्ली, जवळा खाल्ला, खाडीची छोटी कोलंबी खाल्ली. पण सगळं घरी आणून, टीव्हीसमोर, आपल्या ताटात.

का बसत नव्हते याचा नंतर विचार केला. एकटी बाई म्हणून संकोच, हे एक होतंच, आईचं ते नौपाड्यातलं अवघडलेपण माझ्यात उतरलं असेल. पण तेवढंच नसावं. तिथे बसलेली माणसं एकमेकांना ओळखायची. कोणाच्या लग्नाचं, कोणाच्या कोर्टातल्या तारखेचं, प्लॉटचं बोलणं चालायचं, भिंतीवर एकवीरा आईचा फोटो आणि शेजारी प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचा, दोघांनाही रोज ताजा हार. मी आत बसले असते तर कोणीतरी विचारलं असतं तुम्ही कुठल्या, आणि मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं.

त्या गुरुवारी नव्हतं शक्य, मासळी बंद. शुक्रवारी गेले. पोराने सवयीने पिशवी काढली. मी म्हटलं, आज बसणार आहे.

काकी स्वतः बाहेर आल्या. साठीच्या, नाकात मोठी नथ नाही पण भोकाची खूण आहे, साडी कासोट्याची नाही साधीच, हात मात्र मनगटापर्यंत पिठाने पांढरे. "बसा बसा. पानी दे रं ताईला." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी इतके दिस भाकरी नेली ती मेलेली भाकरी खाल्ली. पिशवीत घाम येतो तिला. आज खावा."

खरंच होतं. तव्यावरून थेट ताटात आलेली तांदळाची भाकरी मी उलव्यात राहून तीन वर्षांनी पहिल्यांदा खाल्ली. वरचा पापुद्रा सुटलेला, आत वाफ, बोटं पोळतात आणि तरी थांबवत नाही. समोर चिवणी मासळी होती त्या दिवशी, गाभोळीने भरलेली, पावसाच्या सुरुवातीला मिळते ती, आता शेवटची शेवटची असं त्या म्हणाल्या. पाऊस इतका होता की दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्या समोरच्या खुर्चीवर टेकल्या आणि विचारलंच, "कंच्या बिल्डिंगीत?" मी सेक्टर आणि बिल्डिंग सांगितली, खाणाखुणा सांगितल्या. त्या जरा वेळ गप्प, मनातल्या मनात जागा लावत असाव्यात. मग म्हणाल्या, "म्हंजे बांधाच्या अल्याड. तितं आमची वलगन चढाची."

वलगण म्हणजे काय हे मला त्यांनीच सांगितलं. पहिला मोठा पाऊस झाला की खाडीतले, ओढ्यातले मासे उलट्या पाण्याने वर चढतात, अंडी घालायला, बांध ओलांडून थेट भातखाचरात शिरतात. रात्री बत्ती घेऊन, टोपली घेऊन घरचे सगळे शेतात, पोरं हातानेच धरायची, चिखलात पडायची. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पावसात सासूने त्यांना नेलं होतं आणि त्यांच्या पदरात इतकी चिवणी भरली की पदर फाटला. "तुमच्या लिफ्टची जागा आसंल बघा, तितंच," म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता आलं नाही. त्यांच्या हसण्यात खोचकपणा जराही नव्हता, नुसतं आठवून हसल्या, तेच जास्त लागलं.

सासर त्यांचं कोंबडभुजं. विमानतळासाठी जी दहा गावं उठली त्यातलं एक. उलवे गावही त्यातच गेलं, आणि नाव तेवढं आमच्या या नोडला, नव्या वसाहतीला, राहिलं. ज्या गावाचं नाव मी माझ्या पत्त्यात लिहिते ते गाव जागेवर नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही, पेपरात वाचलं होतं, पण त्या गावाकडच्या बाईच्या हातची भाकरी खाताना ते कळणं वेगळं. उलव्याची टेकडी, ९० मीटरच्या आसपास उंच, सुरुंग लावून सपाट केली, तेव्हा घरातली भांडी मांडणीवरून पडायची असं त्या सांगत होत्या. त्यांना वहाळच्या बाजूला प्लॉट मिळाला. घर चांगलं बांधलंय, तीन मजली, भाडं येतं. "वायट झालं आसं मी नाय बोलत," त्या म्हणाल्या. "पोरं शिकली. पन तांदूल इकत आनावा लागंल आसं वाटलं नवतं कंदी."

माहेर जासई. १९८४ चा जानेवारी मी विचारला नव्हता, त्यांनीच दि. बां.च्या फोटोकडे बघून काढला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीचं आंदोलन, १६ आणि १७ तारीख, दास्तान फाटा आणि नवघर, पाच माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. त्या तेव्हा वीस-एकवीसच्या, घरातली झाडून सगळी बायामाणसं मोर्चाला. त्याबद्दल मात्र त्या फार बोलल्या नाहीत. "मंग साडेबारा टक्के भेटलं," एवढंच, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत, आणि उठून आत गेल्या, भाकरी करपत होती. पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे, हे वाक्य आपण शाळेतल्यासारखं म्हणून जातो. बेलापूरच्या माझ्या ऑफिसची जमीन, माझी बिल्डिंग, ज्या गाडीने येते तिचे रूळ, सगळं त्यातलंच. मी चोरी केलेली नाही, रीतसर कर्ज काढून घर घेतलंय, हप्ते अजून बारा वर्षं आहेत. तरी त्या रात्री लिफ्टमध्ये उभी राहिल्यावर पायाखाली बघितलं.

नंतर श्रावण लागला, मासळी बंद, खानावळीत वालाचं बिरडं आणि अळूचं फदफदं, मी तेही बसून खाल्लं. अटल सेतू झाल्यापासून रविवारी मुंबईच्या गाड्या येतात, परळ-दादरची कुटुंबं, टोल भरून चिंबोरी खायला, तेव्हा सहा टेबलांना जागा नसते आणि काकी मला आत स्वयंपाकघराशेजारच्या स्टुलावर बसवतात. तिथून भाकरी थापताना दिसते. परातीत उकड मळून घेतात, पाण्याचा हात, पोलपाट-लाटणं काही नाही, तळहातावर फिरवत फिरवत मोठी होते. मी एकदा प्रयत्न केला, माझी मधेच फाटली. त्या म्हणाल्या हात गार लागतो.

ठाण्याला आता महिन्यातून एकदा जाते, भावाकडे. पिशव्या नेत नाही.

त्यांनी एकदा 'राता' म्हटलं होतं ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. खाऱ्या जमिनीत होणारा तांबूस तांदूळ, समुद्राचं पाणी थोडंफार सोसतो म्हणून खारपाटात हाच लावायचे. बांधाला खांड गेली, भरतीचं पाणी शेतात शिरलं, तर बाकी सगळं जळायचं पण राता काहीतरी हाताला लावायचा. त्याच्या भाकरीला एक गोडसर चव असते आणि ती दुपारपर्यंत पोटात राहते, असं त्या सांगायच्या. बाजारात विचारलं तर वेगवेगळे लाल तांदूळ मिळाले पण कोणाला नाव सांगता येईना. शेवटी ऑफिसमधल्या मैत्रिणीला बोलले. तिचं माहेर अलिबागच्या खारेपाटात, तिथे अजून काही घरं आपल्यापुरता राता लावतात. संक्रांतीला ती माहेरी गेली आणि येताना पाच किलो घेऊन आली, पैसे घेतले नाहीत.

मी तो काकींनी एकदा सांगितल्याप्रमाणे धुतला, सावलीत पंच्यावर वाळवला, गिरणीत नेला. गिरणीवाल्याला आधी साधे तांदूळ घालून जातं साफ करायला लावलं, नाहीतर गव्हाचं पीठ मिसळतं. तो वैतागला पण केलं त्याने. पीठ गरम होतं, किंचित गुलाबीसर. डब्यात भरून शनिवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, खानावळीत गेले. या जानेवारीतली गोष्ट. डिसेंबरपासून विमानं सुरू झालीत, आता त्या आवाजाची आपोआप सवय होतेय, बोलता बोलता माणसं थांबतात, विमान गेलं की पुढचा शब्द. काकींनी डबा उघडला. मूठभर पीठ घेतलं, नाकापाशी नेलं, बोटांनी चोळलं, परत वास घेतला. एवढा वेळ लावला की मला वाटलं काहीतरी चुकलं.

"कुठला?"

"अलिबागच्या बाजूचा. खारेपाट."

"बरा हाय," त्या म्हणाल्या. मग पीठ डब्यात परत झटकून, "पन आपला नाय."

तरी आधण ठेवलंच. उकड काढली, मळली, तीन भाकऱ्या थापल्या. दोन मला वाढल्या, सोबत सुक्या जवळ्याची चटणी आणि कांदा, आणि तिसरी स्वतःसाठी हातातच घेऊन त्या शेगडीपाशी उभ्या राहून खायला लागल्या, कशाबरोबर न लावता, कोरडीच. पोरगा बाहेरून आला, "आये, काय गो खातंस?" त्यांनी त्याला एक तुकडा मोडून दिला. तो तोंडात टाकून म्हणाला, लाल का हाय? काकींनी काही सांगायला तोंड उघडलं आणि वरून विमान गेलं, तर त्या ते जाईपर्यंत थांबल्या.

"बस हितं," त्या त्याला म्हणाल्या, "सांगते."

त्याने माझ्या समोरची खुर्ची ओढली.